उंबरठ्यावरची एकोणतीस वर्षे : कै. कॉर्नेलिया सोराबजी

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची चरित्रे छापण्याची रीत जुनी आहे, आणि ती योग्यही आहे. आपल्या घराण्यातील कोणी काय केले हे मुलाबाळांस कळले, तर त्यांच्या पावलांस बळ येते. प्रस्तुत लेखात मात्र ज्यांचे चरित्र सांगावयाचे आहे त्या बाई आपल्या ज्ञातीच्या नव्हत्या, आपल्या धर्माच्या नव्हत्या, आणि रत्नागिरी जिल्ह्याच्याही नव्हत्या. तरीही त्यांचे चरित्र आपल्या घरांत वाचले जावे असे वाटण्यास सबळ कारण आहे. कायद्याचे शिक्षण घेऊन वकिलीच्या व्यवसायात उतरू पाहणाऱ्या मुली आज आपल्या घरांतूनच पुढे येत आहेत. त्यांच्या बाबतीत वडीलधाऱ्यांचे व संस्थेचे कर्तव्य कोणते, ह्या प्रश्नाचे उत्तर ह्या एका आयुष्यात जितके स्पष्ट सापडते तितके क्वचितच अन्यत्र सापडेल.

आपल्या जिल्ह्यास कायद्याच्या विद्येची मोठी परंपरा लाभली आहे. दापोलीजवळच्या मुरूडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक मुंबईच्या उच्च न्यायालयात नामांकित वकील म्हणून गाजले. रत्नागिरी शहरात १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी कायद्याची पदवी घेतली व पुण्यात कायद्याचा वर्गही चालविला. धर्मशास्त्राचा इतिहास सिद्ध करणारे भारतरत्न पांडुरंग वामन काणे ह्याच जिल्ह्यात जन्मले, आणि त्यांनी मुंबईस वकिली व कायद्याचे अध्यापन दोन्ही केले. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर देशाच्या राज्यघटनेस आकार दिला. ही नावे उच्चारताना कोकणी माणसाची मान ताठ होते. परंतु ह्या मालिकेत एकही स्त्री नाही, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ह्याचे कारण बुद्धीचा अभाव नसून दार बंद होते, हे होय. ते दार ज्यांनी प्रथम ठोठावले आणि उघडेपर्यंत त्याच्यापुढून हलल्या नाहीत, त्या कॉर्नेलिया सोराबजी.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी कुळातील असून तरुणपणीच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, व त्यापायी स्वकीयांचा रोषही सोसला होता. आई फ्रान्सिना ह्यांस लहानपणी फोर्ड नावाच्या इंग्रज दांपत्याने आपल्या घरी वाढविले होते. त्या घरच्या कॉर्नेलिया फोर्ड ह्यांचेच नाव पुढे मुलीस ठेवण्यात आले. बालपण प्रथम बेळगावास व नंतर पुण्यास गेले. फ्रान्सिनाबाई स्वतः शिक्षणाच्या कार्यात रमलेल्या होत्या. त्यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल स्थापन केले, आणि तेथे निरनिराळ्या धर्मांची व जातींची मुले एकत्र शिकत. घरात मुली पुष्कळ व मुलगा एकच, परंतु मुली जास्त झाल्या म्हणून उसासे टाकण्याची त्या घरी पद्धत नव्हती. प्रत्येक मुलीने काही तरी विद्या संपादन करून लोकांच्या उपयोगी पडावे, अशी आईची शिकवण होती. पुढे एक बहीण डॉक्टर झाली, दुसरीने पुण्यात शाळा चालविली, आणि कॉर्नेलियाबाईंनी कायद्याचा मार्ग धरला.

कायद्याचाच मार्ग का, ह्याचे उत्तर त्यांनी आपल्या आठवणींत दिले आहे. त्या लहान असताना गुजराथेकडील एक श्रीमंत विधवा आईकडे रडत आली. तिच्या विश्वासातल्या कारभाऱ्याने कागदावर सही घेऊन तिची मालमत्ता लाटली होती. पडद्यात राहणारी ती स्त्री परपुरुष वकिलापुढे बसून आपली हकीकत सांगू शकत नव्हती, आणि स्त्री वकील तर अस्तित्वातच नव्हती. अशा बायकांच्या उपयोगी पडावयाचे असेल तर कायदा शीक, असे आईने मुलीस त्या वेळी सुचविले. आईच्या तोंडून सहज निघालेल्या त्या सूचनेतून मुलीच्या सबंध आयुष्याची दिशा ठरली.

मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाल्या. त्या कॉलेजातील त्या पहिल्याच विद्यार्थिनी. सहाध्यायी मुलांपैकी काहींस मुलीने वर्गात बसणे मानवले नाही. वर्गाचे दार तिच्या तोंडावर लावून घेण्यापर्यंत त्यांची मजल गेली. कॉर्नेलियाबाईंनी तक्रारीत वेळ न दवडता अभ्यासात मन घातले, आणि पदवी परीक्षेत पहिल्या श्रेणीत येऊन इलाख्यातील अग्रस्थान मिळविले. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर होत. अग्रस्थानी येणाऱ्या विद्यार्थ्यास त्या काळी विलायतेत शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. ही शिष्यवृत्ती त्यांच्या हक्काची होती. परंतु ती पुरुषांसाठी आहे, असे कारण पुढे करून त्यांस नाकारण्यात आली.

येथे कोणतीही मुलगी खचून जाती. कॉर्नेलियाबाईंनी मात्र अहमदाबादच्या गुजराथ कॉलेजात इंग्रजी शिकविण्याची हंगामी नोकरी पत्करली. विशी ओलांडलेली ही तरुणी पुरुष विद्यार्थ्यांच्या वर्गास शिकवू लागली, आणि विलायतेस जाण्यासाठी पैसा गाठीस बांधू लागली. तिकडे इंग्लंडात लेडी मेरी हॉबहाऊस ह्यांनी वृत्तपत्रात तिची हकीकत प्रसिद्ध करून मदतनिधी उभारला. त्यास हातभार लावणाऱ्यांत रुग्णपरिचर्येसाठी जगप्रसिद्ध असलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या, ॲडलेड मॅनिंग होत्या, आणि १८८९ च्या मुंबई काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविणारे सर विल्यम वेडरबर्नही होते. ह्यांतील कोणीही कॉर्नेलियाबाईंच्या नात्यागोत्याचे नव्हते. एका हुशार मुलीस केवळ ती मुलगी म्हणून शिष्यवृत्ती नाकारली गेली, आणि ती उणीव समाजातील सुजाण माणसांनी खाजगी वर्गणी काढून भरून काढली. ही घटना वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी, कारण लेखाच्या शेवटी तिच्याकडे पुन्हा वळावयाचे आहे.

१८८९ साली त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या. बॅलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट ह्यांचा लोभ त्यांस लाभला. ऑल सोल्स कॉलेजचे सर विल्यम ॲन्सन ह्यांनी तेथील कायद्याचे ग्रंथालय त्यांच्यासाठी खुले केले, आणि तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री ठरल्या. शिक्षण झाले, पण परीक्षेची अडचण उभी राहिली. बी. सी. एल. ह्या कायद्याच्या उच्च परीक्षेस तोपर्यंत जगातील एकही स्त्री बसली नव्हती. स्नेहीजनांनी खटपट केली, विद्यापीठाने खास ठराव केला, आणि १८९२ साली त्या पुरुष परीक्षार्थींच्या बरोबरीने बसल्या. तृतीय श्रेणी मिळाली, व त्याचे त्यांस वाईटही वाटले. परंतु त्या तृतीय श्रेणीने जे साधले ते अनेकांच्या प्रथम श्रेणीने साधले नाही, कारण स्त्री ही परीक्षा देऊ शकते हे त्यामुळे कायमचे सिद्ध झाले. पदवी मात्र हाती पडली नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठ स्त्रियांस पदव्या देऊ लागले ते १९२० साली, आणि कॉर्नेलियाबाईंस त्यांची पदवी मिळाली १९२२ साली, परीक्षेनंतर तब्बल तीस वर्षांनी.

विलायतेतील कायद्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन परत आलेल्या तरुणास त्या काळी सनद, मानमरातब व अशील ह्यांचा तुटवडा पडत नसे. कॉर्नेलियाबाई स्वदेशी परतल्या तेव्हा त्यांच्यापाशी विद्या होती, पण सनद नव्हती. काठेवाड व इंदूर येथील संस्थानी कारभारात इंग्रज एजंटांपुढे पडदानशीन स्त्रियांच्या वतीने अर्ज व कैफियती सादर करण्याची त्यांस खास परवानगी मिळाली. परंतु न्यायालयात उभे राहून बाजू लढविण्याचा अधिकार मिळाला नाही. १८९६ साली पुण्यात एका खुनाच्या खटल्यात न्यायाधीशांच्या अनुमतीने त्यांनी आरोपीचा बचाव केला. इंग्रजी अंमलातील न्यायालयापुढे हिंदी स्त्रीने खटला चालविण्याचा हा पहिलाच प्रसंग मानला जातो. तथापि ती एका दिवसाची सवलत होती, व्यवसायाचा हक्क नव्हे.

मग त्यांनी इकडच्या परीक्षा देण्याचा सपाटा लावला. १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एल्. एल्. बी. झाली. १८९९ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा झाली. प्रत्येक वेळी परीक्षा उत्तीर्ण होत, आणि प्रत्येक वेळी सनद नाकारली जाई. त्यांचे बंधू डिक सोराबजी ह्याच अलाहाबादेत बॅरिस्टर म्हणून व्यवसाय करीत होते. एकाच आईच्या पोटची दोन मुले, एकाच घरचे संस्कार, दोघांसही कायद्याचे शिक्षण, पण न्यायालयाचे दार एकास उघडे व दुसरीस बंद. ह्याहून अधिक बोलके उदाहरण शोधण्याची जरूर नाही.

सनद मिळत नाही म्हणून त्या हात जोडून बसल्या नाहीत. पडद्यातील स्त्रिया व अज्ञान वारस ह्यांच्यासाठी सरकारने स्त्री कायदेसल्लागार नेमावा, असा धोशा त्यांनी १९०२ पासून इंडिया ऑफिसकडे लावला. अखेर १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे त्यांची नेमणूक झाली. जमीनदार मृत्यू पावून मागे विधवा अथवा अज्ञान मुलगा उरला, म्हणजे त्या इस्टेटीचा कारभार हे खाते पाही. हळूहळू बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम एवढा अफाट मुलूख त्यांच्याकडे आला. कधी आगगाडीने, कधी होडीने, कधी पालखीतून, तर कधी हत्तीवरून त्या दूरदूरच्या वाड्यांवर पोहोचत. जेथे पुरुष अधिकाऱ्यास चिकाच्या पडद्यापलीकडचा केवळ आवाज ऐकू येई, तेथे त्या आत माजघरात जाऊन बसत. वारसाहक्काचे तंटे, पोटगी, दत्तकविधान, मुलांचे शिक्षण, कारभाऱ्यांची लबाडी, अशी नाना प्रकारची प्रकरणे त्यांनी हाताळली. सुमारे वीस वर्षांच्या अवधीत सहाशेंहून अधिक स्त्रिया व मुले ह्यांस त्यांचे साहाय्य झाले, आणि कित्येकांचे काम त्यांनी मोबदला न घेता केले. १९०९ साली सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले.

ह्या कार्याचे मर्म कायद्याच्या एका तत्त्वात आहे. पडदानशीन स्त्रीने एखाद्या दस्तऐवजावर सही किंवा अंगठा केला, एवढ्याने तो दस्तऐवज तिच्यावर बंधनकारक होत नाही. तिला त्यातील मजकूर नीट समजला होता व तिने तो राजीखुषीने मान्य केला होता, हे दस्तऐवजाचा लाभ घेणाऱ्याने सिद्ध करावे लागते. प्रिव्ही कौन्सिलने मान्य केलेले हे तत्त्व पुढे निरक्षर स्त्रियांच्या बाबतीतही न्यायालयांनी लागू केले. तत्त्व उत्तम होते, पण आतल्या स्त्रीस ते समजावून सांगणार कोण? कायदा पुस्तकात आहे आणि ज्याच्यासाठी तो आहे ती व्यक्ती माजघरात आहे, ह्या दोहोंमधील अंतर तोडण्याचे काम कॉर्नेलियाबाईंनी केले.

दरम्यान दारावर दुसऱ्याही थापा पडू लागल्या होत्या. १९१६ साली रेजिना गुहा ह्या कायद्याच्या पदवीधर तरुणीने वकील म्हणून नाव नोंदविण्यासाठी अर्ज केला. कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने तो फेटाळला. १९२१ साली सुधांशुबाला हाजरा ह्यांच्या अर्जाची पाटणा उच्च न्यायालयात तीच वाट लागली. १८७९ च्या वकिलांविषयीच्या कायद्यात वकिलाचा उल्लेख पुल्लिंगी सर्वनामाने केला आहे, सबब तो कायदा स्त्रियांस लागू होत नाही, असा त्या निकालांचा आशय होता. पुल्लिंगी शब्दात स्त्रीलिंगाचाही समावेश होतो, असा सर्वसाधारण नियम कायद्यात असतानाही हा अर्थ लावला गेला. व्याकरणातील एका सर्वनामाने निम्म्या समाजाचा मार्ग अडवून धरला होता.

१९२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने वेगळे पाऊल उचलले, आणि कॉर्नेलिया सोराबजी ह्यांचे नाव वकिलांच्या पटावर चढले. हिंदुस्थानात स्त्रीस मिळालेली ही पहिली मोठी मान्यता होय. १९२३ साली कायदेमंडळाने स्त्रियांविषयीचा विधिव्यवसायी अधिनियम संमत केला, व केवळ स्त्री आहे एवढ्या कारणावरून कोणासही ह्या व्यवसायात मज्जाव करता येणार नाही असे ठरविले. त्याच सुमारास कॉर्नेलियाबाई विलायतेत बॅरिस्टर झाल्या, आणि १९२४ साली कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात दाखल झाल्या. ऑक्सफर्डची परीक्षा त्यांनी दिली तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते. सनद मिळाली तेव्हा चौपन्न होते. मधली एकोणतीस वर्षे उंबरठ्यावर गेली.

उंबरठा ओलांडला म्हणजे सर्व सुरळीत होते, असे मात्र नाही. कलकत्त्यात त्यांच्याकडे प्रकरणांवर लेखी अभिप्राय देण्याचे काम येई, पण न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करण्याची संधी क्वचितच मिळे. अशील येत नसत, आणि व्यवसायबंधू काम पाठवीत नसत. १९२९ साली त्यांनी व्यवसाय सोडला आणि त्या लंडनला जाऊन राहिल्या. कायद्याने दार उघडले तरी आतली माणसे सरकून जागा देतीलच असे नाही, हा धडा त्यांच्या आयुष्याच्या ह्या उत्तरार्धात आहे.

चरित्र लिहिताना केवळ गुणगान करणे हा चरित्रनायिकेचाही अपमान होय. कॉर्नेलियाबाई इंग्रजी राज्याच्या कट्टर पाठीराख्या होत्या. महात्मा गांधींच्या चळवळीस त्यांनी विरोध केला. १९२७ साली कॅथरिन मेयो ह्यांच्या मदर इंडिया ह्या पुस्तकाने देशभर संतापाची लाट उसळली, तेव्हा बाईंनी लेखिकेचे समर्थन केले. परिणामी त्यांच्या समाजसेवेच्या योजनांस लोकांचा आधार उरला नाही, आणि ज्या तरुण स्त्रियांनी त्यांस गुरुस्थानी मानावयाचे, त्या राष्ट्रीय चळवळीच्या ओघात त्यांच्यापासून दूर गेल्या. ६ जुलै १९५४ रोजी लंडन येथे त्यांचा अंत झाला, तेव्हा स्वदेशात त्यांची आठवण बरीच पुसट झाली होती. पुढे २०१२ साली लंडनच्या लिंकन्स इन ह्या विधिसंस्थेत त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. त्यांची राजकीय मते आपणांस मान्य होण्याजोगी नाहीत. परंतु त्यांच्या मागून येणारी प्रत्येक मुलगी त्यांनी झिजविलेल्या पायरीवर पाय ठेवूनच वर चढली, हे कोणासही नाकारता येणार नाही.

त्यांच्या मागोमाग आलेल्या मिठन टाटा ह्यांचे उदाहरण पाहावे. १८९८ साली जन्मलेल्या मिठनबाई १९१९ साली आई हेराबाई ह्यांच्यासह विलायतेस गेल्या, ते हिंदी स्त्रियांस मताधिकार मिळावा म्हणून बाजू मांडण्यासाठी. तेथेच राहून त्यांनी कायद्याचा अभ्यास केला, आणि १९२३ च्या जानेवारीत लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या, तेव्हा त्यांस पंचविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयात व्यवसाय करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. विवाहानंतर मिठन लाम ह्या नावाने त्या प्रसिद्धीस आल्या. त्यांनी कायद्याचे अध्यापन केले, आणि १९४७ साली मुंबईच्या पहिल्या स्त्री शेरीफ होण्याचा मान मिळविला. कॉर्नेलियाबाई चौपन्नाव्या वर्षी जेथे पोहोचल्या, तेथे मिठनबाई चोविसाव्या वर्षी पोहोचल्या. पहिलीने दार ठोठावले म्हणून दुसरीची तीस वर्षे वाचली. पुढील पिढीस हातभार लावणे म्हणजे काय, ह्याचा हिशेब ह्या दोन आकड्यांत आहे. पुढे १९५९ साली केरळात ॲना चंडी उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या. १९७८ साली सुजाता मनोहर मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या, आणि १९९४ साली त्याच न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशपदी विराजमान झाल्या.

आता आपल्या घराकडे वळू. कोकणात पडदा कधीच नव्हता, असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु माजघर होते आणि आहे. घरचा कर्ता पुरुष मुंबईस, बागायत गावी, आणि सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांपासूनची नावे, ही आपल्याकडची नित्याची स्थिती. भाऊबंदकीचा दावा वर्षानुवर्षे चालतो. वारसनोंदीच्या वेळी बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते, आणि माहेरचा उंबरठा तुटू नये म्हणून ती मुकाट्याने सही करते. ती राजीखुषीने करीत असेल तर तिचा तो अधिकारच आहे. पण कागदात काय आहे व आपण काय सोडीत आहोत, हे तिला किती वेळा समजावून सांगितले जाते? वडिलार्जित मालमत्तेत मुलीस मुलाप्रमाणे हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, केंद्राने २००५ साली केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तो हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. तरीही कायदा पुस्तकात व बहीण माजघरात, ही अवस्था पुष्कळ घरी कायम आहे. कॉर्नेलियाबाईंचे काम संपलेले नाही. ते आपल्या मुलींची वाट पाहत आहे.

मुली शिकत आहेत, ह्यात संशय नाही. रत्नागिरी शहरात भागोजीशेठ कीर ह्यांच्या नावाचे विधी महाविद्यालय आहे, त्यामुळे कायदा शिकण्यास जिल्हा सोडावा लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्या कक्षेत आला. उच्च न्यायालयातील कामासाठी मुंबई गाठण्याची यातायात त्यामुळे उरली नाही. पदवी मिळते, सनद मिळते. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. नव्या वकिलास पहिली तीन-चार वर्षे ज्येष्ठांच्या हाताखाली काढावी लागतात, आणि त्या काळात मिळकत नाममात्र असते. २०२४ साली भारतीय वकील परिषदेने कनिष्ठांस शहरात दरमहा २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. पण ती शिफारस होती, सक्ती नव्हे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशपदाच्या प्रवेशपरीक्षेस बसण्यापूर्वी तीन वर्षे वकिली केलेली असावी ही अट पुन्हा घातली. म्हणजे न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्या मुलीसही ह्या कोरड्या वर्षांची वाट चुकविता येऊ नये, असा हा निर्णय झाला. मुलाच्या बाबतीत घर ही वर्षे धीराने काढते. मुलीच्या बाबतीत दुसऱ्याच वर्षी स्थळे पाहण्यास आरंभ होतो, आणि काळा कोट कपाटात जातो.

ह्या ठिकाणी कॉर्नेलियाबाईंसाठी निघालेल्या त्या वर्गणीचे स्मरण करावे. आपल्या संस्था गुणवंतांचा सत्कार करतात, शाल व श्रीफळ देतात. ते चांगलेच आहे. परंतु सत्कार होतो पदवीच्या दिवशी, आणि गरज भासते त्यानंतरच्या तीन वर्षांत. ज्ञातीतील वकिली करणाऱ्या मुलीस ह्या तीन वर्षांपुरती दरमहा निर्वाहवृत्ती देणारा निधी का उभारू नये? कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून निरनिराळ्या जातींची वसतिगृहे निघाली. त्यांतून शिकून किती तरी मुलगे मोठ्या पदांस चढले. आज त्याच कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे काम चालते. तेथे आपल्या तरुण वकील भगिनीस सुरक्षित बिऱ्हाड मिळवून देणे संस्थेस अशक्य नाही. ज्ञातीतील ज्येष्ठ वकिलांनी मुलींस आपल्या कचेरीत घ्यावे, आणि तारखा मागण्यापुरते न ठेवता साक्षीदारांची तपासणी व युक्तिवाद त्यांच्यावर सोपवावा. घरोघरच्या कर्त्या माणसांनी आपली प्रकरणे, निदान लहानसहान, मुलींच्या हाती द्यावी. कलकत्त्यास कॉर्नेलियाबाई रिकाम्या बसल्या, त्या कायदा येत नव्हता म्हणून नव्हे, तर कोणी काम दिले नाही म्हणून.

आणखी एक गोष्ट नम्रपणे सुचवावीशी वाटते. कॉर्नेलियाबाईंस ज्यांनी मदत केली त्यांनी त्यांची जात पाहिली नाही, आणि ज्या सहाशे जणांस त्यांनी मदत केली त्यांतील बहुतेक परधर्माचे होते. आपल्या निधीचा आरंभ आपल्या घरातील मुलींपासून व्हावा हे स्वाभाविक आहे. परंतु गावातील दुसऱ्या ज्ञातीची एखादी होतकरू मुलगी मदतीवाचून अडून पडली असेल, तर तिच्या बाबतीत आपल्या नियमांचे पुस्तक मिटलेले असावे. ज्ञातीचे भूषण ज्ञातीपुरते उदार असण्यात नसते.

मंडलिक, टिळक, काणे व आंबेडकर ह्या नावांच्या पंक्तीत रत्नागिरीच्या एखाद्या कन्येचे नाव बसेल तो दिवस केव्हा येईल, हे तिच्या बुद्धीवर जितके अवलंबून आहे, तितकेच सनद हाती पडल्यानंतरच्या पहिल्या तीन वर्षांत आपण तिच्या पाठीशी उभे राहतो की नाही ह्यावर अवलंबून आहे. एका मुलीची एकोणतीस वर्षे उंबरठ्यावर गेली, ती तिच्या काळाने तिच्याकडून घेतली. आपल्या मुलींची तीन वर्षे राखणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.